एक ड्रायव्हर, तीन दांडे



गेल्या डिसेंबरात आमच्या घरी नवा ड्रायव्हर आला. सौ.ने ही बातमी फोनवर म्हापशाच्या बहिणीला दिली, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "पगार किती ठरवलास?" गोल्फमधल्या सगळ्यात लांब काठीला ड्रायव्हर म्हणतात, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. एवढं करून बहिणीने शेवटी विचारलंच, "ह्या वयात?"

वय ७४. डिचोलीत राहतो, मूळ घर पेडणे तालुक्यात. बी.कॉम. झाल्यावर बँकेत लागलो आणि बँकेतूनच निवृत्त झालो. गोल्फ हा काही आमच्या घरातला खेळ नव्हे. लहानपणी आम्ही खेळलो तो कोयंडो-बाल, म्हणजे तुमचा विटी-दांडू. नव्वदच्या दशकात पुण्याला बदली झाली. तिथे एका खातेदाराने एका रविवारी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर नेलं आणि ते वेड लागलं ते लागलंच. निवृत्त होऊन गोव्यात परतलो, तर इथे खेळायचं म्हणजे काणकोणला राजबागच्या नऊ होलच्या मैदानावर, डिचोलीहून जवळजवळ सगळा गोवा उभा ओलांडून. महिन्यातून एकदा जमलं तर जमलं.

मुलगा टोरांटोला असतो. नाताळच्या सुट्टीत मोपाला उतरला तो सामानात माझ्यासाठी ड्रायव्हरचं एक डोकं आणि तीन वेगवेगळे दांडे घेऊनच. पूर्वी काठी एकसंध यायची, दांडा डोक्यात कायमचा चिकटवलेला. आता दांड्याच्या टोकाला धातूची एक बाही असते. ती डोक्यात बसवायची आणि छोट्या पान्याने स्क्रू आवळायचा. पुरेसा आवळला की पाना 'टक्' करतो आणि पुढे आवळत नाही. मिनिटभरात दांडा बदलतो. (खेळ सुरू झाल्यावर मात्र असा बदल करायला नियमाने बंदी आहे. नाहीतर आमच्यासारखे लोक प्रत्येक वाईट फटक्यानंतर पानाच काढून बसले असते.)

डोकं टायटॅनियमचं, पोकळ, आकारमान ४६० घनसेंटिमीटर, याहून मोठं नियमात चालत नाही. वजन सुमारे दोनशे ग्रॅम. दांडे तिन्ही कार्बन फायबरचे आणि सारख्याच लांबीचे. पहिला ६५ ग्रॅमचा, ताठ, त्यावर 'एस' छापलेलं. दुसरा ५५ ग्रॅमचा 'आर', म्हणजे रेग्युलर. तिसरा ४५ ग्रॅमचा, सगळ्यात लवचीक, त्यावर 'ए'. या 'ए'ला दुकानदार सीनियर म्हणतात. बँकेत सीनियर सिटिझनला व्याज अर्धा टक्का जास्त, इथे लवचीकपणा जास्त.

'एस' म्हणजे नेमका किती ताठ याचं सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा 'आर' दुसऱ्या कंपनीच्या 'एस'एवढा ताठ निघू शकतो. त्यामुळे अक्षर वाचून दांडा घेण्यात अर्थ नाही, मारूनच बघायला हवं. परदेशात यासाठी रडारचं यंत्र लावलेली दुकानं असतात. चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, त्याची गिरकी, सगळं पडद्यावर. मुलगा म्हणाला, "बाबा, तिकडे या, मशीनवर बघू." मी म्हटलं, इथेच बघू.

दांड्याचं काम काय, ते थोडक्यात सांगतो. काठी वरून खाली येऊ लागते तेव्हा डोकं मागे रेंगाळतं आणि दांडा वाकतो. चेंडूपाशी पोचेपर्यंत तो सरळ होऊन किंचित पुढे झुकतो. काठीची आणि चेंडूची भेट जेमतेम अर्धा मिलिसेकंद, सेकंदाचा दोन हजारावा भाग. हाताला धक्का कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. तेवढ्या क्षणी डोक्याचं तोंड कुठे वळलेलं आहे, यावर सगळं. ढोबळ मानाने, हाताच्या वेगाला दांडा फार ताठ असेल तर चेंडू बुटका आणि उजवीकडे जातो, फार लवचीक असेल तर उंच आणि डावीकडे. (मी उजव्या हाताने मारतो, डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

शंभर वर्षांपूर्वी हे दांडे लाकडाचे असत, हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाच्या लाकडाचे. पोलादी दांड्याला अमेरिकेत १९२४ मध्ये मान्यता मिळाली, सेंट अँड्रूजच्या संस्थेने १९२९ पर्यंत वाट बघितली. कार्बन फायबर आलं ते सत्तरच्या दशकात.

हे सगळं मी आमच्या वाड्यावरच्या मेस्ताला ऐकवत होतो. मेस्त म्हणजे सुतार. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी तो डिचोलीकडच्या खाणींवर कुदळींना आणि पिकावांना (टिकावाला आम्ही पिकाव म्हणतो) दांडे घालायला असायचा. तेव्हा यंत्रं येऊ लागली होती, तरी हाताने खणायचं काम भरपूर होतं. पुढे जन्मभर त्याने दारं-खिडक्या केल्या, पण हाताला सवय दांड्याची. त्याने 'एस' उचलला, एक टोक उंबऱ्यावर टेकवलं, मधोमध तळहाताने दाबून सोडून दिला आणि थरथर थांबेपर्यंत बघत राहिला. मग 'आर'. मग 'ए'. आणि म्हणाला, "हें धामणीचें काम."

धामण म्हणजे इथे साप नव्हे, झाड. सह्याद्रीच्या जंगलात होतं. लाकूड चिवट आणि लवचीक. कुऱ्हाडीचे दांडे, धनुष्यं आणि कावडी त्याच्या करतात. इंग्रजी अमदानीतल्या वनखात्याच्या लिखाणात धामणीच्या उपयोगांमध्ये बिलियर्डच्या काठ्या आणि गोल्फचे दांडेही नोंदवलेले आहेत. मेस्ताने यातलं एक अक्षर वाचलेलं नाही. त्याने नुसतं दाबून बघितलं.

कावड घेऊन चालणारी माणसं आता दिसत नाहीत. आम्ही पाहिली आहेत. दोन्ही टोकांना भार, खांद्यावर दांडा आणि चाल अर्धी धावती. कावड ताठ असली तर प्रत्येक पावलाला भार खांद्यावर आदळतो. फार लवचीक असली तर भार आपल्याच तालावर नाचतो आणि माणसाचे पाय चुकतात. दोघांचा ताल जुळला की ओझं निम्मं वाटतं. मेस्त सांगत होता, कुणी कावड करून घ्यायला आला की तो त्याला आधी अंगणात भरल्या घागरी घेऊन चालायला लावायचा, चांगला दमेपर्यंत. "दांडो सकाळीं बघचो न्हय, सांजे बघचो." सकाळचा ताजातवाना माणूस बघून दांडा ठरवायचा नाही, म्हणे.

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. वही म्हणजे जुनी कोरी रोजकीर्द, एक कधीची पडून होती.

आता जागा. सड्यावर मोकळं रान हवं तेवढं, पण जांभ्यावर चेंडू पडला की कुठल्या दिशेला उडेल सांगता येत नाही, आणि निम्मे चेंडू करवंदीच्या जाळ्यांत. त्यापेक्षा घराखालची शेतं बरी. सरद भात कापून झालेलं, आमच्याकडे त्या भागात वायंगण होत नाही, आणि जमिनीत अजून ओल. चेंडू पडला की तिथेच खळगा. मला घरंगळणं मोजायचंच नव्हतं, पहिला टप्पा कुठे पडतो तेवढं हवं होतं. ज्या घरांची शेतं मध्ये येत होती त्या प्रत्येक घरी आधी जाऊन विचारून आलो.

पन्नास मीटरची फीत घेतली आणि ९० मीटरपासून १६० पर्यंत दर दहा मीटरवर कापडाचे झेंडे लावले. चेंडू सगळे जुने, रोज प्रत्येक दांड्याने आठ, म्हणजे एकूण चोवीस. त्याहून जास्त माझी कंबर मानत नाही. असं पाच सकाळी. दांड्यांचा क्रम रोज बदलायचा, म्हणजे शेवटी येणाऱ्यावर दमण्याचा सगळा भार पडायला नको. अक्षरं दिसू नयेत म्हणून मुलाने तिन्ही दांड्यांना काळी टेप गुंडाळली. (६५ आणि ४५ ग्रॅममधला फरक हाताला कळतोच, पण निदान डोळे तरी तटस्थ.) वाड्यावरच्या चार पोरांना नाताळची सुट्टी होती. ती बांधाआड माडाखाली उभी राहायची आणि चेंडू पडला की खळग्यात काडी खोचायची. मजुरी रोजचं एक आइस्क्रीम.

बँकेत आमच्या तपासनीसांनी एक गोष्ट चांगली शिकवली होती. शाखेचा सगळ्यात चांगला दिवस बघू नका, महिना बघा. गोल्फ खेळणाऱ्यांचं नेमकं उलटं असतं. प्रत्येकाला आपला सगळ्यात लांब गेलेला चेंडू पाठ असतो, आणि त्या एका चेंडूपायी तो काठी विकत घेतो.

तिसऱ्या सकाळी पलीकडच्या बांधावर वयनी येऊन उभ्या राहिल्या. ज्या शेतात मी उभा होतो ते कागदावर आमच्या घराण्याचं, पण तीन पिढ्या कसतंय वयनींचं घर. नवरा वारला, मुलगा मोपाला विमानतळावर कामाला. मी विचारायला गेलो होतो तेव्हा मुलगाच भेटला होता आणि हो म्हणाला होता. वयनी बराच वेळ नुसत्या बघत होत्या. झेंडे, फीत, माझी वही. मग विचारलं, "भाऊ, हंगा गोल्फ येतलें?"

हसण्यावारी न्यायचा प्रश्न नव्हता. पेडण्यात गोल्फ हा शब्द खेळाचा राहिलेला नाही, तो जमिनीचा झाला आहे. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोल. तिथे गोल्फ मैदान आणि हॉटेल येणार म्हणून २०१४-१५ च्या सुमारास केवढं रान पेटलं होतं! कुळांच्या जमिनी, काजूची झाडं. गावकरी रस्त्यावर आले, प्रकरण कोर्टात आणि हरित लवादापर्यंत गेलं. पुढे मोपाचा विमानतळ झाला, जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली, आणि बाहेरगावच्या गाड्या शेताच्या कडेला थांबून काचा खाली करू लागल्या. अशा दिवसांत भाटकाराच्या घरचा एक निवृत्त बँकवाला शेतात झेंडे रोवतो, फीत धरतो आणि वहीत आकडे मांडतो. वयनींनी दुसरा काय अर्थ लावायचा?

आणि भीती अगदीच हवेतली नव्हती. आमचा एक चुलतभाऊ गेली दोन वर्षं दलाल घेऊन येत होता.

त्या दिवशी उरलेले चेंडू मारले नाहीत. बांधावर बसलो, दांडे दाखवले, टेप दाखवली, कशासाठी काय चाललंय ते सांगितलं. वयनींनी ऐकून घेतलं. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दांड्यांत नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरातल्या ट्रंकेतून शेताचा एक-चौदाचा उतारा काढून नेला आणि वाचून दाखवला. मालकाच्या रकान्यात आमच्या आजोबांपासूनची नावं, कुळाच्या रकान्यात त्यांच्या नवऱ्याचं नाव, स्पष्ट. गोव्यात कुळ कायदा १९६४ चा. त्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळालाच जमिनीचा खरेदीदार मानलं. कर्जाची प्रकरणं करताना हे उतारे मी शेकड्यांनी वाचले आहेत. अडतं ते पुढे: मामलेदाराकडे अर्ज करून, ठरलेली किंमत भरून सनद घ्यायची असते, आणि कितीतरी घरांनी ती घेतलेलीच नाही. या घरानेही नाही. नवऱ्याच्या मागे वारसांची नावंसुद्धा लागलेली नव्हती.

अर्ज मी लिहून दिला. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासले, हा स्वतःच्या अक्षरात लिहिला, दोन प्रतींत.

आठवड्याच्या आत चुलतभावाचा फोन. वाड्यावर काय लपून राहतं? "तू आपल्या घरचा की त्यांच्या?" असं सुरू झालं, आणि शेवटी, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तोच तू." मी म्हटलं, "बाबा, सध्या माझं दांड्यांचंच चाललंय." त्याने फोन ठेवला. शिगम्याला घरी आला, जेवला, सौ.शी बोलला, माझ्याशी नाही. वाईट वाटतं. आम्ही एका ताटात जेवलेले. अर्ज मात्र मागे घ्यायला मी वयनींना सांगणार नाही, आणि सांगितलं तरी त्या ऐकणार नाहीत.

चाचणी पुढे चालू झाली. बुडालेल्या सकाळीचे चेंडू नंतर भरून काढले. आता वयनी रोज येऊन बसायच्या आणि पोरांनी काडी खळग्यापासून बोटभर पुढे खोचली की तिथूनच ओरडायच्या. एवढा कडक तपासनीस मला नोकरीत भेटला नाही.

प्रत्येक दांड्याचे चाळीस चेंडू झाल्यावर वही मांडली. 'एस'ची सरासरी १२९ मीटर, 'आर'ची १३६, 'ए'ची १३७. सगळ्यात लांब गेलेला चेंडू 'एस'चा, १५१. मुलगा तो १५१ अजून विसरलेला नाही. फोनवर निघतोच. पण मी मेस्ताचं वाक्य धरून दर सकाळच्या आठ चेंडूंचे दोन भाग केले, पहिले चार आणि शेवटचे चार. 'एस': पहिले १३५, शेवटचे १२३. 'आर': १३८ आणि १३४. 'ए': १३८ आणि १३६. म्हणजे ताजा असताना मी तिन्ही दांड्यांनी जवळपास सारखाच. दमल्यावर ६५ ग्रॅमचा दांडा बारा मीटर कापून घेतो. राजबागला नऊ होलच्या दोन फेऱ्या केल्या की ड्रायव्हर सोळाव्या-सतराव्या होललाही काढावा लागतो, आणि तोवर उन्हाने आणि खांद्याने आपापली वसुली केलेली असते.

म्हणजे 'एस' बाद. उरलेल्या दोघांत अंतराचा फरक एक मीटर, तो काही फरक नव्हे. तेव्हा दिशा बघितली. 'एस'चे अकरा चेंडू उजवीकडच्या माडांत गेले होते. 'आर'चे चार डावीकडच्या व्हाळात. 'ए'चे व्हाळात नऊ.

मेस्त शेवटच्या सकाळी बघायला आला होता. चहा पिऊन झाल्यावर त्याने 'ए'ला हात लावला. "हो तुमचो."

"आणि व्हाळात जातात ते?"

"तो दांड्याचो दोश न्हय. तुमी घाय करतात."

बरोबर आहे. मी घाई करतो. पण ती घाई राजबागलाही माझ्याच गाडीतून येणार. म्हणून मी 'आर' ठेवला. मेस्ताला ते मान्य नाही. त्याचं म्हणणं, लवचीक दांडा वर्षभर वापरला तर माणूस आपोआप सावकाश होतो, कावड चालायला शिकवते तशी. असेलही. ७४ व्या वर्षी दांड्याकडून किती शिकायचं, हा आमच्यातला वाद अजून मिटलेला नाही. मुलगा 'एस' परत घेऊन गेला. 'ए' ओटीवर खुंटीला आहे, आणि मेस्त आला की आधी तो हातात घेतो.

फेब्रुवारीत 'आर' राजबागला नेला. समुद्रावरचा वारा दुपारी चढतो, त्यामुळे शेतातले मीटर तिथे तसेच्या तसे मिळत नाहीत. पण सतराव्या होललाही चेंडू सरळ गेला, आणि दुसऱ्या दिवशी खांद्याला तेल लावावं लागलं नाही. सौ.च्या दृष्टीने चाचणीचा निकाल एवढाच.

आता चौथा दांडा. मेस्ताच्या माळ्यावर धामणीची एक कावड निघाली. कुणीतरी करायला सांगितली होती, तेवढ्यात त्या घरी पंप आला आणि न्यायला कोणी आलंच नाही. पन्नासेक वर्षं चुलीच्या धुरात राहून लाकूड काळं आणि टणटणीत झालंय. त्याचा दांडा करायचं मेस्ताने मनावर घेतलं आहे. आताच्या डोक्याचं भोक जेमतेम साडेआठ मिलिमीटरचं, एवढ्या बारीक लाकडाचा भरवसा नाही म्हणतो. तेव्हा मुलगा टोरांटोच्या जुन्या बाजारात लाकडी डोकं शोधतोय, चवथीला येताना आणणार आहे. मेस्ताने लांबीचा तुकडा काढून, जाडसरच रंधून, परत माळ्यावर ठेवला. पावसात त्याला हात लावणार नाही म्हणाला.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर जुनी कावड असेल तर ती कुठल्या लाकडाची आहे आणि मधोमध किती जाड आहे, ते जरूर कळवा. मेस्त विचारतोय.